भाड्याची आरव्ही, जोशुआ ट्रीचं वाळवंट आणि पाण्याचा हिशेब

आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, ताब्यात देणाऱ्या मुलाने आधी टीव्ही दाखवला, मग ओव्हन, मग बाहेर ओढायचं छत. मी म्हटलं, टाक्या दाखव. जावई जरा ओशाळला. पण ठाण्यात पाणीपुरवठा विभागात 31 वर्षं काढलेला माणूस घर बघायला गेल्यावर दुसरं काय बघणार?

दिवाळी उरकून आम्ही दोघं मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. तिथून आम्ही चौघं चार रात्रींसाठी जोशुआ ट्री नॅशनल पार्कला निघालो. गाडी पंचवीस फुटी, तोंड ट्रकचं, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग. भाडं रात्रीला 189 डॉलर. ठरल्यापेक्षा जास्त मैल झाले तर वेगळे पैसे, जनरेटरचे तासावर वेगळे. कंपनीचं नाव राहू दे.

टाक्या तीन. ताज्या पाण्याची साधारण 150 लिटरची, दुसरी बेसिन आणि अंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. आपल्याकडे शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी द्यायचं, हा नियोजनाचा आकडा मी आयुष्यभर लिहिला. त्या हिशेबाने चौघांना दोन दिवसांचे 1080 लिटर झाले. आम्ही जिथे पहिल्या दोन रात्री उतरलो त्या जंबो रॉक्स या पार्कातल्या तळाला नळच नाही. वीजजोडणी नाही, सांडपाण्याची सोय नाही. जे काही आहे ते पोटात भरून न्यायचं.

मुलगी घाबरली होती. हिला मात्र काहीच वाटलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या वाड्यात पहाटे पाणी यायचं आणि सात वाजता जायचं, आणि शुक्रवारच्या शटडाऊनची बातमी मी घरी नेहमी एक दिवस आधी आणायचो. तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला, अंघोळीला अंग भिजवलं की नळ बंद, साबण, मग परत चालू. 48 तासांत चौघांचे मिळून 120 लिटर गेले. जावई आयटीतला, तो फोनवर तक्ता करत होता. मी टाकीच्या अंगाला हात लावून सांगत होतो. गार लागतं तिथपर्यंत पाणी.

पॅनेलवरच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका, एवढं मात्र आवर्जून सांगतो. मैल्याची टाकी रिकामी असतानाही आमचा दिवा दोन तृतीयांश दाखवत होता. आतल्या सेन्सरवर कागद चिकटतो, मग तो कायमचा तसाच बोलतो. निघतानाच त्या पॅनेलचा फोटो काढून ठेवा. का ते पुढे येतंच.

जागा मात्र अशी, की भाडं विसरायला होतं. जंबो रॉक्स जवळजवळ महाबळेश्वराच्या उंचीवर आहे, सुमारे 1340 मीटर. पण महाबळेश्वरी जुलैच्या एका दांडग्या दिवशी जेवढा पाऊस कोसळतो, तेवढा इथे वर्षभरात पडत नाही. ग्रॅनाइटचे घरांएवढे गोटे एकमेकांवर रचल्यासारखे पडलेत, हंपीला गेलेल्यांना ओळखीचे वाटतील. त्यांच्यामध्ये ती जोशुआची झाडं. खरं तर ती घायपाताच्या नात्यातली. टोकदार पात्यांचे झुबके, आणि फांद्या कशाही वळलेल्या. त्यांचं परागीभवन एक चिमुकला पतंग करतो, दुसऱ्या कोणाला ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सवयीने बेसिनमधलं पाणी पातेल्यात घेऊन एका झुडपाच्या मुळाशी ओतलं. तेवढं तरी जगेल, म्हणून. मागून रेंजर बाई. हसत, पण स्पष्ट बोलल्या: सांडपाणी जमिनीवर टाकायचं नाही, अन्नाच्या वासाने कोयोटी, म्हणजे तिथले कोल्ह्यासारखे प्राणी, येतात. पाण्याबाबत आयुष्यात पहिल्यांदा मीच नोटीस खाल्ली.

रात्री पारा 2 अंशांवर उतरला. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. पहाटे तीनला पंखा रडायला लागला. जनरेटर लावावा तर तो सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 7 एवढाच लावता येतो. चार तास हिने ठाण्याहून नेलेल्या गोधडीत काढले. आम्हाला गाडी देताना बॅटरी जुनी आहे हे सांगायला हवं होतं.

पण त्याच थंडीत दार उघडून बाहेर आलो, तर मृग डोक्यावरून पश्चिमेकडे कललेला, आणि कृत्तिका मला चष्म्याने सहा, हिला सात दिसल्या. हे पार्क 2017 पासून अधिकृत डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा. उपवनला तळ्याकाठी बसून आपण जे तीन तारे मोजतो, त्याला आकाश म्हणायचं का, असं क्षणभर वाटलं. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला ती शांतता कानात दुखते.

स्वयंपाकघर लहान पण चांगलं, तीन शेगड्या. फक्त मोहरी तडतडली की धुराचा अलार्म कोकलतो. पहिल्या पोह्यांना जावई टॉवेलने वारा घालत होता. तिसऱ्या दिवसापासून फोडणी बाहेर टेबलावर, छोट्या शेगडीवर.

टाक्या रिकाम्या करायला ब्लॅक रॉकला गेलो. पार्कात ती सोय तिथे आणि कॉटनवूडला आहे. कंपनीच्या मुलाने सांगितलं होतं, 'हँडल ओढा, झालं.' झालं नसतं! झाकण काढण्याआधी मी खाली वाकून बघितलं, तर थेंब. आधीच्या भाडेकऱ्याचा कागद व्हॉल्व्हच्या खाचेत अडकलेला, पट्टी पुरती बसत नव्हती. जावयाने भसकन झाकण काढलं असतं तर त्याच्या बुटांचं काय झालं असतं, ते मी सांगत नाही. हातमोजे घालून, बाजूला उभं राहून झाकण हळूहळू सैल केलं आणि मग पाइप जोडला. क्रम लक्षात ठेवा: आधी मैला, मग सांडपाणी, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. जावई म्हणाला, 'बाबा, तुम्हाला हे आवडतंय.' आवडत होतं.

उरलेल्या दोन रात्री ट्वेंटीनाइन पाम्सच्या एका खासगी आरव्ही पार्कात. वीज, नळ, गटार, सगळं जोडून मिळतं, गरम पाण्याला तोटा नाही. खडीचं पार्किंग आणि शेजाऱ्याचा टीव्ही. पाण्याला दाब भलताच होता, कंपनीने रेग्युलेटर दिला नव्हता, तो दहा डॉलरला घ्यावा लागला. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

गाडी परत केल्यावर आठवड्याने 75 डॉलर कापले: मैल्याची टाकी रिकामी नव्हती. पुरावा काय, तर तोच दिवा. जावयाने पहिल्या दिवशीचा फोटो पाठवला. तीन आठवडे ईमेलवर भांडून निम्मे परत मिळाले.

पाचपाखाडीतल्या मित्रांना मी जा म्हणूनच सांगतोय, नोव्हेंबरात, आणि जंबो रॉक्सची जागा सहा महिने आधी पकडून. आमचं पुढच्या वर्षी पुन्हा ठरतंय. मी बॅगेत जुने हातमोजे आणि जांभळी नाक्यावरचे अर्धा डझन रबरी वॉशर टाकणार आहे. ही म्हणते, वजन तेवढंच न्यायचं असेल तर दाण्याची चटणी न्या.