मॅग्नम काडतुसांच्या पुंगळीचा खांदा मोजण्याचे साधन: दोन हंगामांनंतर

अमेरिकेतील मोंटानात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी मी .३०० विंचेस्टर मॅग्नम रायफल वापरतो आणि तिची काडतुसे घरीच भरतो. १९६३ मध्ये आलेल्या या काडतुसाची पुंगळी (दारू भरायची पितळी नळी) बुडाशी असलेल्या पट्ट्यावर टेकते, त्यामुळे खांद्यापुढे, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते त्या उतारापुढे, बरीच मोकळी जागा राहते आणि पहिल्याच बारात पितळ तेवढे पुढे ताणले जाते. डाय (वापरलेली पुंगळी दाबून पुन्हा आकारात आणणारा साचा) पूर्ण खाली बसवून पुंगळी दाबली, की खांदा पुन्हा मागे जातो. असे काही वेळा झाले, की पट्ट्याच्या जरा वर ती चमकदार, तडकण्याची सूचना देणारी रेघ उमटते. कॅलिपर या सूक्ष्म मोजपट्टीच्या जबड्यावर बसणाऱ्या या छोट्या साधनाने खांद्याची जागा मोजता येत असल्याने मी डाय थोडी वर ठेवतो व खांदा इंचाच्या दोन सहस्रांशांइतकाच मागे नेतो. पुंगळ्या टिकू लागल्या, शंभर यार्डांवरचा तीन गोळ्यांचा गटही दीड इंचावरून इंचाच्या आत आला. अर्थात त्यात घोडा दाबणाऱ्या माझ्या सुधारलेल्या बोटाचा वाटा किती, हे सांगणे कठीण. साधन जबड्यावर घट्ट धरणारा स्क्रू किंचित तिरपा बसला तरी माप बदलते, हा दोष आहेच. पुंगळीच्या बुडातील वापरलेली टोपी (दारू पेटवणारी प्रायमर) मात्र आधी काढावी, नाहीतर तिचा फुगवटाही मापात धरला जातो.