मुलांसाठीच्या सरकारी आरोग्य सेवा: पावसाळ्यापासून वापरतोय, कसं वाटलं ते

आधीच सांगते, हा कुठल्या एका अ‍ॅपचा रिव्ह्यू नाही. घरात दोन पोरं, धाकटा तीन वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडून बोलत नव्हता आणि थोरली नववीत, तिचं वेगळंच चाललेलं. दोघांसाठी गेल्या पावसाळ्यापासून सरकारी जे जे मिळतं ते वापरतोय. आम्ही देवगडच्या बाजूचे. सासूबाई म्हणायच्या, "काय होवचा नाय, ह्याचो बापूस पण उशिरानच बोलूक लागलो." गणपतीला आलेले चाकरमानी म्हणायचे मुंबईला घेऊन ये, तिकडे सगळं मिळतं. मिळतं हो, पण दर आठवड्याला थेरपीसाठी मुंबई कोण करणार?

सगळ्यात कामाला आलं ते आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा टीम येते ना गाडी घेऊन, तीच. बऱ्याच आयांना वाटतं वजन-उंची मोजून जातात, संपलं. पण जन्मजात दोष, आजार, रक्त-जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर हे चारही त्यांनी बघायचं असतं, उशिरा बोलणं त्यातच येतं. त्यामुळे टीम येणार असेल त्या दिवशी स्वतः अंगणवाडीत जाऊन बसा आणि तोंडाने सांगा की बाई याचं असं असं आहे, कारण तीन वर्षांचं पोर अनोळखी डॉक्टरसमोर तसंही गप्पच बसतं, त्यावरून कोणाला काय कळणार. त्यांनी रेफर केल्याचा कागद दिला की तो सोन्यासारखा जपायचा. त्या कागदावर पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येतं, सगळे डीईआयसी म्हणतात त्याला. तपासणी, उपचार मोफत, हृदयाची ऑपरेशनंसुद्धा या योजनेतून होतात.

बोलण्याचं म्हणाल तर पहिली गोष्ट कान. मूल हाक मारली की बघतं म्हणजे ऐकू येतं असं नसतं, थोडं कमी ऐकू येणारं पोरही वळून बघतं. आम्ही त्याआधी एका खासगी ठिकाणी गेलो होतो, तिथे कानाचं नावही न काढता थेट तीन महिन्यांचं पॅकेज हातात ठेवलं, नाव घेत नाही. कानाची तपासणी झाली, कान ठीक निघाले, मग स्पीच थेरपी. आणि खरं काम घरीच होतं हे कोणी आधी सांगत नाही. थेरपिस्टने सांगितलं की त्याला हवं ते मागायच्या आत हातात देऊ नका, थांबा, शब्द निघू द्या. आमच्याकडे आजी म्हणजे बोट दाखवलं की लाडू हजर! तिला थांबवणं हीच मोठी थेरपी होती. मग तिलाच सोबत नेलं, थेरपिस्टकडून ऐकल्यावर पटलं. आता मासळी आली की पाटीपाशी उभा राहून "बांगडो दी" म्हणतो. मालवणीत का होईना.

थोरलीसाठी मैत्री क्लिनिक. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी असतं, २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं. पाळी, अशक्तपणा, टेन्शन, काहीही विचारता येतं, समुपदेशक असतात. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी ती पिशवीच्या तळाशी साठवत होती हे मला कळलं नव्हतं, तिकडे नीट समजावल्यावर घ्यायला लागली (जेवल्यावर घ्यायची, रिकाम्या पोटी मळमळतं). अडचण एकच, गाव लहान. कुठल्याही दवाखान्यात बाकावर बसलं की संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी. म्हणून अभ्यासाच्या टेन्शनचं ती टेली मानसवर बोलली, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, आणि गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडतात. आमच्याकडे रेंज फक्त मागच्या पडवीत, तिकडे खुर्ची टाकून दिली आणि घरातल्यांना सांगितलं कोणी फिरकायचं नाही. काय बोलली ते मी विचारलं नाही.

१०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पण लोक सुचवतात, पण तो संकटात सापडलेल्या मुलांसाठी, मारहाण, पळवून नेणं, बालविवाह वगैरे, थेरपी कुठे मिळेल विचारायला नाही.

न आवडलेलं म्हणजे हे सगळं एकमेकांना जोडलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून रामायण सांगायचं. मी एक प्लास्टिकची फाइल केली, जन्माचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, सगळे रिपोर्ट, झेरॉक्ससकट. अंतर दुसरं. आम्ही समुद्राकडे आणि जिल्ह्याचं ठिकाण हायवेकडे, एसटीच्या वेळेवर सगळं, आणि आंब्याच्या सीझनला तर घरातला गडी माणूस बागेतून हलत नाही. निघायच्या आधी फोन करून थेरपिस्ट आज आहेत का विचारायचंच.

मार्क द्यायचे तर आरबीएसकेला पाचपैकी चार, एक अंतराचा कापला. टेली मानसला साडेचार.

शेजारच्या वहिनींनी विचारलं म्हणून लिहिते, दिव्यांग प्रमाणपत्र लागलं तर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन करता येतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, आधी सातच होते, त्यामुळे ऑटिझम आणि लिहिण्या-वाचण्यातली अक्षमतासुद्धा आता त्यात येते. आणि आरबीएसकेची टीम सरकारी आणि अनुदानित शाळांत जाते, तुमचं मूल विनाअनुदानित इंग्लिश मिडियमला असेल तर वाट बघत बसू नका, आशाताईंना गाठा नाहीतर सरळ पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन टीमचे डॉक्टर कधी भेटतील ते विचारा.