पॉवरवालं यूएसबी हब, आठ महिने वापरल्यानंतर

माझं काम जीएसटी आणि आयकराचं. लॅपटॉपला नेहमीचे यूएसबी पोर्ट दोनच, आणि जोडायच्या वस्तू पाच: डिजिटल सिग्नेचरचं टोकन (ऑनलाइन सही करायचं पेनड्राइव्हसारखं उपकरण), यूएसबीवरच चालणारा फ्लॅटबेड स्कॅनर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या बॅकअपची अडीच इंची हार्ड डिस्क, कीबोर्ड आणि वायरलेस माउसचं डोंगल. आधी चार पोर्टचं साधं हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी, वापरत होतो. श्रावणात ते बदलून वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेलं सात पोर्टचं हब घेतलं. आता चैत्र सुरू आहे, म्हणजे सांगण्याइतका अनुभव जमा झालाय.

आधी जुन्या हबचा त्रास सांगतो, कारण अनेकांचं दुखणं तेच असणार. महिन्याची २० तारीख, जीएसटीचं महिन्याचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. कंपनीचं रिटर्न तयार, सही करायला पिन टाकली की ‘टोकन सापडत नाही’. लगेच डिव्हाइस निघाल्याचा तो आवाज, दोन सेकंदांनी पुन्हा जोडल्याचा. मी टोकनचा ड्रायव्हर तीनदा काढून घातला, ब्राउझर बदलला, टोकन ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केले. शेवटी शेजारच्या टेबलावर एंट्री करणारी बायको म्हणाली, “अहो, त्या हार्ड डिस्कचा दिवा लागला की तुमचं टोकन जातं.” खरंच तसं होतं. दुपारी एकला बॅकअप सुरू व्हायचा, डिस्क ‘टिक’ करून फिरायला लागायची, आणि त्याच क्षणी टोकन गायब.

कारण साधं आहे. लॅपटॉपचं यूएसबी ३ पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ९०० मिलीअँपियर देतं. अ‍ॅडॉप्टर नसलेल्या हबला त्यातूनच स्वतःचं भागवून सगळ्यांना वाटायचं असतं, त्यामुळे त्याच्या एका पोर्टच्या वाट्याला नियमाने फक्त १५० येतात. अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना क्षणभर एक अँपियरच्या आसपास ओढू शकते. व्होल्टेज दबतं आणि त्या हबवरचं दुसरं काहीतरी पडतं. पडतं ते टोकन, म्हणून आपण टोकनला दोष देत बसतो. ‘यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर’ नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कोणतं उपकरण किती करंट मागतं ते दिसतं. त्यात एकच हब दोन ठिकाणी दिसलं तर घाबरू नका; यूएसबी ३ च्या हबमध्ये जुन्या आणि नव्या वेगाची दोन हब एकत्रच असतात.

नवं हब १२ व्होल्ट, २ अँपियरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतं. ते लावलं त्या दिवसापासून बॅकअप आणि सही एकाच वेळी सुरळीत होतात. फक्त एवढ्यासाठीसुद्धा मी हे हब पुन्हा घेईन.

तरी पहिल्या महिन्यात कनेक्शन तुटायचंच, पण आता वेगळ्या वेळी: चहाला उठून परत आलो की स्कॅनर मेलेला. हा विंडोजच्या वीज वाचवण्याचा प्रकार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या (हे लॅपटॉपच्या आतलं हब, विकत घेतलेलं नव्हे) पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढली. पॉवर ऑप्शन्समधलं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद केलं, बॅटरी आणि चार्जिंग दोन्हीसाठी. रूट हब जितकी दिसतील तितक्या सगळ्यांची टिक काढा. माझ्याकडे मार्गशीर्षात एका मोठ्या अपडेटनंतर ती परत आली होती, त्यामुळे अपडेट झालं की मी आता आधी तिथे बघतो.

माउस अडखळत होता तो मात्र विजेमुळे नव्हे. यूएसबी ३ च्या वाहतुकीचा रेडिओ लहरींमधला गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि बहुतेक वायरलेस माउस तिथेच चालतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलं आहे. डिस्कच्या शेजारच्या पोर्टमधून डोंगल काढलं, हातभर एक्स्टेंशन वायरने लांब ठेवलं, विषय संपला.

केबलचं सांगायलाच हवं. टेबल हलवल्यावर मी हबसोबतची छोटी केबल काढून बाजारातून दोन मीटरची आणली. हात लागला की सगळं डिस्कनेक्ट. आठवडाभर हबवर संशय घेतला, मग जुनी केबल लावून पाहिली आणि तेव्हापासून एकदाही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कनेक्शन तुटल्याची वेळ वहीत लिहा. मी घाईत दोन-दोन गोष्टी बदलत होतो तोवर काहीच कळत नव्हतं.

आता या हबची खरी कमजोरी. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण हबचा अ‍ॅडॉप्टर बंद पडतो आणि सगळी उपकरणं एकदम निघून पुन्हा जोडली जातात. बॅकअप चालू असताना हे धोक्याचं. वायफाय राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तोच मी हबला लावलाय. घेताना अँपियर हबच्या अ‍ॅडॉप्टरइतके किंवा जास्त आहेत ना, पिनचा आकार आणि प्लस-मायनस जुळतात ना, हे अ‍ॅडॉप्टरवरच्या खुणेशी ताडून बघा. प्लस-मायनस चुकलं तर हब जळू शकतं. उन्हाळा लागल्यापासून आमच्याकडे दिवसातून दोनदा तरी वीज जाते, अजून एकही बॅकअप अर्धवट राहिलेला नाही.

फक्त कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह एवढंच लावणार असाल तर अ‍ॅडॉप्टरवालं घेऊ नका, साधं पुरेल. आणि एक बदल मी गेल्या महिन्यात केला: टोकन आता हबवर नाही, थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टमध्ये असतं. हबवरही ते नीट चालत होतं. पण २० तारखेला रात्री अकरा वाजता मला तेवढीही शंका नको असते.