कार्ड सांगून पट्टी बसवतात : यूएसबी पोर्ट वाढवताना होणारी फसवणूक

पीकविम्याच्या दिवसांत कास्तकारांची रांग लागलेली असते आणि गावच्या ऑनलाइन केंद्रातल्या एकाच डेस्कटॉपला अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, प्रिंटर, स्कॅनर, कीबोर्ड, माऊस असं सगळं जोडायचं असतं. पोर्ट पुरत नाहीत. केंद्रचालक सीपीयू तालुक्याच्या दुकानात नेतो, चार पोर्टचं यूएसबी ३.० (२.० पेक्षा वेगवान) कार्ड टाकायला सांगतो, कार्डाचे पैसे मोजतो. मागच्या बाजूला ३.० ची ओळख समजले जाणारे निळे पोर्ट दिसले की त्याची खात्री पटते.

आत कार्ड नसतंच. पत्र्याची पट्टी असते आणि तिच्या वायरी मदरबोर्डवरच्या (सीपीयूच्या आतल्या मुख्य बोर्डावरच्या) ९ पिनांच्या हेडरवर, म्हणजे वायरी जोडायच्या पिनांच्या जागेवर, खोचलेल्या असतात. तो हेडर यूएसबी २.० चा, वेग फार तर सेकंदाला ४८० मेगाबिट. यूएसबी ३.० चा ५ गिगाबिट. निळं प्लास्टिक कुणीही लावू शकतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका. टॉर्च लावून पोर्टमध्ये बघा: २.० मध्ये धातूच्या चारच बारीक पिना असतात, ३.० मध्ये नऊ.

खरं कार्ड मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस नावाच्या स्लॉटमध्ये (कार्ड खोचायच्या खाचेत) बसतं, एक्स१ म्हणजे सगळ्यांत आखूड स्लॉटही चालतो. त्यावर रेनेसास, व्हीआयए किंवा एएसमीडियाची चिप असते. बऱ्याच कार्डांवर पॉवर सप्लायची साटा किंवा मोलेक्स वायर जोडायची जागा असते. ती रिकामी सोडली तर हार्ड डिस्क लावताच पोर्ट बंद पडू शकतात. विंडोज ७ असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, १० ला सहसा लागत नाही.

माऊस, कीबोर्ड, अंगठ्याच्या मशीनला पट्टी पुरते, हे खरं. पट्टी म्हणून, पट्टीच्या भावात दिली तर तक्रार नाही. पण कार्डाचे पैसे घेऊन पट्टी देणं ही सरळ लूट आहे.

अॅडॉप्टर नसलेला हब (एका पोर्टाचे चार करणारी डबी) गळ्यात मारतात तेही तसंच. २.० च्या एका पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, तेच चौघांत वाटले जातात. मग ई-केवायसीच्या मधेच अंगठ्याचं मशीन बंद पडतं आणि दुकानदार मशीनलाच दोष देतो.

कॅबिनेट समोर उघडायला लावा. ३.० चाच चांगला पेनड्राइव्ह लावून मोठी फाइल कॉपी करा. वेग सेकंदाला ३०-४० एमबीच्या वर जातच नसेल तर पैसे देऊ नका. पक्क्या बिलावर ‘पीसीआय एक्सप्रेस यूएसबी ३.० कार्ड, ४ पोर्ट’ असंच लिहून घ्या, नुसतं ‘कॉम्प्युटर पार्ट’ नको. दुकानदार बदलून देत नसेल तर ते बिल आणि आतले फोटो जवळ ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.