बेळगाव ते ओल्डेनबुर्ग: युथ एक्स्चेंजचं वर्ष, वापरून झाल्यावर

ओळखीत कुणाचं पोर दहावीला असलं की हल्ली आमच्या घरी फोन येतो, "एक्स्चेंजला पाठवावं काय?" म्हणजे वर्षभर परदेशातल्या घरात राहून तिथल्या शाळेत जायला. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. पाठवा, पण पीयूसीचं (आमच्या कर्नाटकातली अकरावी-बारावी) एक वर्ष मागे पडणार हे घरात सगळ्यांना मान्य असेल तरच. तिथल्या शाळेचं प्रशस्तिपत्र मिळतं, पण त्यावर इथे थेट सेकंड पीयूला बसता येईल असं धरून चालू नका. एसएसएलसी (दहावी) झाल्या झाल्या जाणं सगळ्यात सोयीचं.

मी रोटरी युथ एक्स्चेंजमधून उत्तर जर्मनीत, ओल्डेनबुर्गजवळच्या एका गावात होते. वयाची अट १५ ते १९. यजमान घराला पैसे द्यायचे नसतात, उलट तिथला रोटरी क्लब थोडा हातखर्च देतो. विमानतिकीट, विमा, व्हिसा आपला. वर्षभरात एकाहून जास्त घरांत राहावं लागतं. दारू, ड्रग्ज, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरण या चारांना सक्त बंदी. आईला अख्ख्या माहितीपत्रकात हाच भाग आवडला.

कागदपत्रांत बेळगावकरांना एक जास्तीची कटकट. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलून बेळगावी झालं. माझ्या जन्मदाखल्यावर जुनं नाव, पासपोर्टवर नवं. खुलाशाचं पत्र आधीच जोडून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको.

आता खाणं, कारण आज्जीचा पहिला प्रश्न तोच. युरोपात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे कुंदा नाही, तूप नाही. शेंगाचटणी आणि मसाला चालला. पहिल्या घरात गरम जेवण दुपारी एकदाच. संध्याकाळी टेबलावर पाव, चीज, काकडी, सगळं गार. पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. हे दोन-तीन महिने चाललं आणि खरं सांगते, घरची आठवण जेवढी माणसांनी आली नाही तेवढी वाफेने आली. दुसऱ्या घरातल्या बाईंनी स्वयंपाकघर मोकळं सोडलं. मी तिथल्या राय (rye) नावाच्या धान्याच्या पिठाची भाकरी थापून बघितली. ते पीठ हाताला असं चिकटतं की भाकरी कमी, लगदा जास्त. शेंगाचटणी मात्र त्या घरात पावाला लोण्यावर लावून खाल्ली गेली आणि माझ्याआधी संपली.

भाषेचं सगळे घाबरवतात. मला वाटतं सीमाभागातल्या पोरांना इथे आयतीच तयारी असते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, बसच्या पाटीवर कन्नड, बाजारात जे जमेल ते. अर्धंच कळलं तरी न बावरता काम उरकायची सवय आपल्याला लहानपणापासून. पण आपली दुसरी सवय तिथे आडवी येते. समोरच्याला अवघड जातंय दिसलं की आपण लगेच त्याच्या भाषेत वळतो. जर्मन लोकही तेच करतात, तुमची अडखळ ऐकली की इंग्रजी सुरू. दोन्हीकडून एवढी सभ्यता झाली की जर्मन शिकायचं राहून जातं. मी यजमानांना सांगून टाकलं, रात्रीच्या टेबलावर इंग्रजी बंद. डिसेंबरपर्यंत त्या टेबलावर मी बरीच गप्प असायचे. नाताळनंतर विनोद कळायला लागले.

तिथून जवळच झाटरलांड म्हणून भाग आहे. दोनेक हजार लोक बोलतात अशी फ्रिसियन भाषा तिथे टिकून आहे आणि गावांच्या पाट्यांवर जर्मनच्या खाली तीही लिहिलेली असते. कुठल्याही अक्षराला काळं फासलेलं नाही. बेळगावच्या माणसाला अशा पाटीपाशी थोडं थांबावंसं वाटतंच.

शाळेत मला पुन्हा दहावीच्याच वर्गात बसवलं. गुण १ ते ६, त्यात १ सगळ्यात चांगला; पहिल्यांदा "दोन मिळाले" म्हटल्यावर बाबा फोनवर गप्पच झाले. वर्गात तोंड उघडण्यालाही गुण असतात. इथे शांत बसणारी मुलगी शहाणी, तिथे तिचे गुण जातात. हे मला पटलं, जमलं मात्र उशिरा.

हिवाळ्याबद्दल ऐकलेलं सगळं खरं आहे, फक्त थंडीपेक्षा अंधार जड जातो. डिसेंबरात साडेचारच्या आत दिवस संपतो. त्यात पावसातून, समोरच्या वाऱ्यावर सायकलने शाळा. महागडं जाकीट इथून घेऊन जाऊ नका, तिथे जुनं चांगलं मिळतं. सायकलला दिवा हवाच, कायदाच आहे. रविवारी दुकानं बंद आणि गावभर शांतता. बेळगावात शहापूरच्या गल्लीत वाढलेल्या मला सुरुवातीला कुणीतरी वारलंय की काय असं वाटायचं.

घरी फोन आठवड्यातून एकदाच, असं ठरवून घ्या. रोज आज्जीचं "काय करायलीस गं, जेवलीस काय?" ऐकलं की मन इकडेच राहतं. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो विम्यासाठी. दाढ दुखली तेव्हा कळलं की आमच्या पॉलिसीत दातांचं जवळजवळ काहीच बसत नाही. निघण्याआधी दात तपासून, भरून घ्या आणि पॉलिसीची बारीक अक्षरं घरातल्या कुणीतरी खरोखर वाचा.

आणखी एक, हा व्यवहार दुतर्फा असतो. आपलं पोर गेलं की दुसऱ्या देशातलं पोर आपल्याकडे येऊ शकतं. सध्या माझी खोली ब्राझीलच्या मुलीकडे आहे आणि मी हॉलमध्ये झोपते. ती बाबांना नावाने हाक मारते, ते अजून दचकतात. तेव्हा अर्ज भरण्याआधी एक खोली, एक बाथरूम आणि येणाऱ्या पोराला वर्षभर वर्गात बसवून घेणारी शाळा, तिन्हींची सोय बघून ठेवा. शाळेचं सगळ्यात वेळखाऊ, तिथूनच सुरुवात करा.