उंची मोजायचा कापडी चार्ट, आमच्याकडे तरी कामाला आला
लेक 5 वर्षांचा, ऑटिस्टिक आहे, डोक्याला कुणी हात लावला की कान झाकून खालीच बसतो, त्यामुळे अनाहाइमच्या डिस्नीलँडला जायचं ठरलं तेव्हा टेन्शन राइडचं नव्हतंच, लाइनीत उंची बघतात त्या मोजपट्टीचं होतं. हा चार्ट लावला, 40 इंचावर (बिग थंडर राइडसाठी लागणारी कमीत कमी उंची) आणि 42 वर (मॅटरहॉर्न राइडसाठीची) आगगाडीचे स्टिकर चिकटवले, आधी टेडीला मोजलं मग आजीला, आजी ताठ उभी राहिलेली बघून हा आपणहून आला!! मग रोज दात घासले की मोजायचं, तीन आठवडे. हुक मात्र फालतू, चार्ट जरा खाली सरकला की माप चुकतं, टेप लावा. आणि प्रॅक्टिस बूट घालूनच करा, तिथे बुटांसकटच मोजतात.