पल्सर १५० नंतर काय? एनएस२००, हंटर ३५० की थेट ३९० ड्यूक

पल्सर १५० किंवा त्याच तोडीच्या गाडीवर वर्ष-दीड वर्ष, आठ-दहा हजार किलोमीटर झाले की मोठ्या गाडीसाठी हात शिवशिवायला लागतात. मित्रांना विचारलं तर त्यांच्या दारात जी गाडी उभी आहे तीच सर्वांत चांगली असते. लायसन्सचाही अडसर नाही, कारण गिअरच्या मोटारसायकलचं जे लायसन्स शंभर सीसीला चालतं तेच हजार सीसीला चालतं. अडवणारं कोणी नाही, म्हणून हिशेब आपला आपणच मांडायचा. त्यात पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप आणि टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर, तो एनएममध्ये मोजतात.

| गाडी | ताकद (पीएस) | टॉर्क (एनएम) | वजन (किलो) | एका पीएसमागे किलो |
|---|---|---|---|---|
| बजाज पल्सर १५० | १४ | १३ | १४८ | १६ |
| रॉयल एनफील्ड हंटर ३५० | २०.४ | २७ | १८१ | १२.५ |
| बजाज पल्सर एनएस२०० | २४.५ | १८.७ | १५८ | ९.५ |
| केटीएम ३९० ड्यूक (२०२३ पासूनची) | ४६ | ३९ | १६८ | ५.३ |

शेवटच्या रकान्यात गाडीच्या वजनात ७५ किलोचा माणूस धरलाय; आकडा जितका लहान तितकी गाडी चपळ. खरी मेख तिथेच आहे. 'साडेतीनशे' ऐकून हंटर एनएसपेक्षा पळेल असं वाटतं, पण ती हळू आहे. तिचा टॉर्क ४००० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पूर्ण मिळतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या गिअरवर डबलसीट घाट चढताना मजा येते. ताशी ९० च्या पुढे मात्र दम संपत जातो. वेगासाठी हंटर घ्याल तर सहा महिन्यांत पुन्हा शोरूमच्या पायऱ्या चढाल. आरामात, कमी गिअर बदलत फिरायचं असेल तर सीटची ७९० मिमी उंचीही बहुतेकांना सोयीची पडते. गाडी जड असली तरी पाय टेकतात. पार्किंगमधून मागे ढकलताना तेवढं वजन जाणवतं.

ड्यूक हे वेगळंच प्रकरण आहे. पल्सरच्या तिप्पट पिकअप, आणि तो साधारण तेवढ्याच वजनाच्या गाडीत. नवशिक्याचं काय चुकतं ते जवळून बघा. सिग्नलच्या रांगेत दुसऱ्या गिअरवर सरकताय, पुढचं चाक खड्ड्यात आदळतं, मनगट खाली झुकतं आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) आपोआप थोडं उघडतं. पल्सर तेवढ्यात हातभर पुढे जाते. ड्यूक पुढच्या रिक्षाला जाऊन भिडते. घाबरून माणूस हँडल आणखी घट्ट धरतो आणि मनगट आणखी खाली जातं. यावर उपाय एकच: गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपर सैल, आणि मनगट बोटांच्या पेरांपेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही. ही सवय आजच्या गाडीवरच लावून घ्या. ड्यूकवर ताकद सौम्यपणे देणारा रेन मोड, मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, वळणावरही काम करणारा एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असं सगळं आहे, आणि पहिले महिना-दोन महिने रेन मोडवरच चालवण्यात काही कमीपणा नाही. पण रिक्षा तीन फुटांवर असताना यातलं काहीच कामाला येत नाही.

शहरात तिचा आणखी एक त्रास आहे. कमी आरपीएमवर इंजिन हिसके देतं, मग अर्धा क्लच धरून पहिल्या-दुसऱ्यात रेंगाळावं लागतं. रेडिएटरचा पंखा लागला की गरम हवा मांड्यांवर येते. रोज कात्रज ते हिंजवडी करणाऱ्याने हे सोसायचं कशासाठी, असा प्रश्न पडतो.

बरं, हा वेग वापरणार कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवरही बंदी. उरतो जुना हायवे, सातारा-कोल्हापूर रस्ता आणि घाट. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावरही दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० आहे. तिथे खरी गरज पडते ती ६० वरून ८० ला झटकन पोहोचून एसटी किंवा ट्रक मागे टाकण्याची. पल्सर १५० ला चढावर यासाठी गिअर उतरवून बराच मोकळा रस्ता लागतो. एनएसला एक गिअर खाली टाकला की काम होतं. आमचं मत म्हणूनच एनएस किंवा त्या वर्गातल्या गाडीकडे झुकतं. १५० वरून ही चढण झेपण्यासारखी आहे. पुढे-मागे दोन्हीकडे एबीएस मिळतो (२०२३ पासूनच्या गाड्यांवर), तर पल्सर १५० वर तो फक्त पुढच्या चाकाला असतो. लक्षात ठेवा, एनएसची ताकद वरच्या आरपीएमला आहे. खालीच चालवत राहिलात तर 'गाडी उचलत नाही' अशी तक्रार कराल.

आता ब्रेक. रिकाम्या डांबरी मैदानावर खडूने रेघ मारा, ताशी ४० ने या आणि रेघेवर दोन्ही ब्रेक लावा. पुढचा ब्रेक झटक्यात आवळू नका, आधी हलकेच दाबा आणि वजन पुढे आलं की जोर वाढवा. कोरड्या डांबरावर गाडी १०-११ मीटरमध्ये थांबायला हवी, म्हणजे एकामागे एक लावलेल्या पाच मोटारसायकलींएवढं अंतर. 'पुढचा दाबला की माणूस उडतो' असं मनात धरून नुसता मागचा दाबणाऱ्याला १७-१८ मीटर लागतात. सलग दहा वेळा पहिलं अंतर जमत नसेल तर ड्यूकचा विचार पुढे ढकला. वेग वाढला की अंतर नुसतं वाढत नाही, भराभर वाढतं. एक सेकंद भानावर यायला धरला तर ६० ला साधारण ४० मीटर, ८० ला ६३ आणि १०० ला ९२ मीटर लागतात.

खर्चाचं थोडक्यात. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ साली ठरलेले वार्षिक दर असे: ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, ३५० पर्यंत १३६६ आणि त्यावर २८०४. नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के झालाय. हंटर ३४९ ची, ड्यूक ३९९ ची, म्हणजे रेघ दोघींच्या मधोमध. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर पल्सर साधारण २२ लिटर पेट्रोल पिईल, हंटर आणि एनएस २८-२९, ड्यूक ३७ च्या आसपास. ड्यूकचा मागचा १५०/६० रेडियल टायर झिजतोही लवकर आणि महागही पडतो.

काही ठरवण्याआधी आहे ती गाडी एकदा तपासा. पिकअप गेलाय म्हणून नवी घेणाऱ्यांपैकी कित्येकांच्या गाडीचा एअर फिल्टर तुंबलेला असतो किंवा ब्रेक धरून राहिलेला असतो. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे. चेन मध्यावर २५-३० मिमी खालीवर हलावी. रेस दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग चढत नसेल तर क्लच प्लेट गेल्यात.

आणि ड्यूक सेकंड हँड घेत असाल तर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध आल्यावर 'खट्' करून अडकलं तर कोनसेट (हँडलच्या दांड्यातलं बेअरिंग) गेलाय, बहुधा व्हीलीने, म्हणजे पुढचं चाक हवेत उचलून चालवल्याने. हँडलच्या टोकाला, लिव्हरला आणि फुटरेस्टला एकाच बाजूने घासल्याच्या खुणा असतील तर मालक काहीही सांगो, गाडी पडलेली आहे. अशा वेळी चेसिस सरळ आहे का ते मेकॅनिककडून दोरी लावून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.